मस्कतचं विमान आणि चारचा सांगावा

मस्कत ते मुंबई हवाई अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ दोन तास चाळीस मिनिटं. हे मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा. मी स्वतः आजवर विमानात बसलेली नाही. विमानतळ एकदाच पाहिला, तोही टॅक्सीच्या काचेतून, भिंत तेवढी. तरी हा आकडा माझ्या अंगाला चिकटलाय आणि निघत नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाताना खरा घाट लागायच्या आधी डाव्या हाताला एक कच्चा रस्ता डोंगरात शिरतो. त्याच्या शेवटाला आमची वाडी. घरं तीस, राहणारी माणसं त्याहून थोडीच जास्त, बाकीची मुंबईला. उन्हाळ्यात जीप वरपर्यंत येते, पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीतून खाली न्यावं लागतं. या रस्त्यासाठी मी गेली काही वर्षं भांडते आहे. राहते महाडला, एका खोलीत, चार जणांच्या संघटनेचं काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं. लिहायची, छापून आणायची, एसटी स्टँडवर, बाजारात, तहसीलच्या पायऱ्यांवर वाटायची. पत्रक कसं लिहायचं ते मला नीट शिकवलं गेलं होतं. पहिल्या वाक्यात आकडा. दुसऱ्या वाक्यात प्रश्न. तिसऱ्या वाक्यात जबाबदार कोण ते. आडपडदा ठेवायचा नाही. 'प्रशासनाने आपली चूक जाहीरपणे कबूल करावी' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही.

आमच्या शेजारच्या घरात काकी राहायची. सख्खी नव्हे, पण वाडीत सगळ्या काकीच. तिच्यासोबत तिची मुलगी, नवऱ्याच्या मागे माहेरी परत आलेली, तिला आम्ही ताई म्हणतो. आणि मुलगा मस्कतला. एसी दुरुस्तीच्या कामावर. तो, आमचा दादा, वर्षाआड यायचा. मी वाडीत गेले की काकी मला हटकून विचारायची.

"माझा ल्योक किती लांब हाय गो? बघ त्या फोनात."

मी फोन काढून दाखवायची. निळा समुद्र, त्यावर एक वाकडी रेघ. "अडीच तास, काकी. वर दहा मिनिटं."

"म्हंजे म्हाडापेक्षा जवळ."

तिचा हिशोब बरोबर होता. महाडला जायचं तर तासभर डोंगर उतरायचा, खाली फाट्यावर एसटीची वाट बघायची, पोलादपूरला उतरून दुसरी धरायची. अडीच तासांच्या वरच. समोरच्या घरातल्या म्हातारीचा मुलगा विरारला. तिला काकी भर अंगणात ऐकवायची, "तुझा लांब गो. धा तास लागतात त्याला. माझा हाय हिथंच, पलीकडं." सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायची. एका पत्रकात मी ते वापरलंसुद्धा, 'वाडीपासून महाड दूर, मस्कत जवळ'. लोकांना आवडलं होतं.

ती गेली चैत्रात, दिवेलागणीला, बसल्या जागी. मी त्या दिवशी योगायोगाने वाडीतच होते. ताईने मस्कतला फोन लावला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून फोन मी घेतला. दादा फक्त एवढंच म्हणाला, "मला तिचं तोंड बघू दे. ठेवा तिला." मी म्हटलं, ठेवतो. वाडीच्या वतीने मी शब्द दिला.

मी मनातून त्या कंपनीला शिव्या घालायची तयारी करून बसले होते. पासपोर्ट अडकवतील, रजा देणार नाहीत, हे सगळं मी पत्रकांत लिहिलेलं. कंपनीने तासाभरात पासपोर्ट हातात दिला. पहाटे दादाचा मेसेज आला, 'सातच्या विमानात जागा मिळाली. सामान नाही. निघतो.' मुंबईतल्या वाडीकरांनी विमानतळावर गाडी ठरवली. सगळं जिथल्या तिथे बसत होतं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मयताचं मुंबईवाल्यांना फोनवर कळवतात. पण जवळपासच्या गावांतल्या सोयऱ्यांना फोन करत नाहीत. माणूस जातो. त्याला सांगावा म्हणतात. सांगावा नेणारा उंबऱ्याबाहेर उभा राहतो, पाणी घेत नाही, कोण गेलं आणि किती वाजता उचलणार एवढंच सांगतो आणि मागे न बघता निघतो. एका मयताला एकच सांगावा. वेळ बदलून दुसरा पाठवला तर दुसरा सांगावा दुसऱ्या माणसाचा होतो, त्याच घरातलं आणखी एक जातं, असं धरतात. म्हणून सांगितलेल्या वेळेला उचलायचं म्हणजे उचलायचं.

याला एकच वाट आहे. ज्याने वेळ ठरवून दिली त्याने जमलेल्या सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, 'चूक माझी.' मग थांबता येतं. दोष घरावर जात नाही, त्याच्यावर जातो. त्याला पुन्हा कुणी वेळ विचारत नाही.

सकाळी अंगणात गावकी बसली. गावकीचा म्होरक्या नात्याने माझा चुलत आजा. डोळ्यांनी कमी दिसतं, बाकी सगळं शाबूत. त्याने मला पुढे बोलावलं. बाईमाणसाला गावकीत पुढे बोलावून काही विचारल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"इमान कितीला सुटतंय?"

"सातला."

"पोचतंय कवा?"

मी फोन न बघता सांगितलं. "नऊ चाळीसला मुंबईत. सामान नाही, सव्वादहाला गाडीत. पाच तास पोलादपूर. मग वर जीप. चारला दारात."

"तू बसलीस का कवा इमानात?" मागून एक जण म्हणाला. दोघे-तिघे तशा वेळीही हसले.

"बसायला कशाला पाहिजे? आकडे आहेत."

आजा काठी जमिनीवर घासत म्हणाला, "साडेपाचाचं सांगू या. दीस मावळायच्या आत झालं म्हंजे झालं. वाटंत काय बी हुतं."

मी त्याला ते करू दिलं नाही. माझा आवाज अजून मला ऐकू येतो, पत्रकातला आवाज. "चैत्राचं ऊन आहे, आजा. वरंधहून, नाते गावाहून म्हातारी माणसं फाट्यापासून डोंगर चढून येणार. त्यांना दीड तास उगीच बसवायचं? आपण तहसीलदाराला सांगतो ना, वेळ द्या तर नीट वेळ द्या? मग आपण का अंदाजपंचे?"

आजाने काठी घासायची थांबवली. मग म्हणाला, "बरं. इमानाचं तुला ठाव." आणि दोन मोटारसायकली चारचा सांगावा घेऊन निघाल्या. एक वरंधला, एक नाते गावाला.

मी घरात गेले. काकीला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, तोंड वाटेकडे करून. तिची एक पापणी मिटत नव्हती. ताईने दोनदा हात फिरवला, तरी अर्धी उघडीच. बाया म्हणत होत्या, वाट बघतेय. मी असल्या गोष्टी मानत नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मनात म्हटलं, चारला. आणि मला फार बरं वाटलं. मयताच्या घरात बसून मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे आता लिहून टाकते.

पावणेबाराला गाडीवाल्याचा फोन आला. "मॅडम, आत्ता आले बाहेर. निघतोय."

मी म्हटलं, "आत्ता? दोन तास काय करत होतात?"

"विमानच अकरा दहाला उतरलं, मॅडम. टायमावर उतरलं."

मी घरामागे फणसाखाली जाऊन फोन उघडला. तीच रेघ, तोच समुद्र. सुटण्याची वेळ सात. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, तिथल्या घड्याळाप्रमाणे. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तिथे सात म्हणजे इथे साडेआठ. काकीला वर्षानुवर्षं मी हे अंतर सांगत आले. तिच्या मुलाच्या गावात किती वाजलेत ते कधी पाहिलं नाही.

दीड तास. आजाने जेवढा मागितला होता तेवढाच.

मी चारपर्यंत कुणाला काही बोलले नाही. आधी म्हटलं, गाडीवाला भरून काढेल. पेणला फोन केला. मग माणगावला. माणगावला गाडी गॅससाठी वीस मिनिटं रांगेत उभी होती. मागून दादाचा आवाज येत होता, "चल रे, चल ना रे." मी फोन ठेवला. अंगणात माणसं जमत होती. नात्याहून आलेला एक म्हातारा भिंतीला टेकून धापा टाकत होता. एकदा डोक्यावरून, खूप उंचावरून, विमान गेलं. आमच्या खोऱ्यात विमान आधी दिसतं आणि आवाज मागून येतो. दिसतं तिथे आवाज नसतो. आवाज येतो तिथे वर काहीच नसतं. अंगणातली सगळी माणसं एकदम वर बघायला लागली, रिकाम्या आभाळाकडे.

चार वाजले. तिरडी बांधून तयार होती. ताई बाहेर आली आणि आजाच्या पायाशी बसली. "थांबा ना वो... आजा, थांब ना. येतोय त्यो. वाटंत हाय."

"सांगावा चाराचा हाय, पोरी."

"त्याचं तोंड नको का दावाया?"

आजाने मान माझ्याकडे वळवली. मी नेमकी कुठे उभी आहे ते त्याला दिसलं नसणार, तरी बरोबर माझ्याकडेच. "तू वेळ दिलीस. चुकली का तुझी? चुकली असंल तर बोल. थांबू आपण. मी थांबवतो समद्यांना."

त्याने मला वाट करून दिली होती. दोन शब्दांची वाट होती.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला लख्ख आठवतं. पहिल्यांदा एका मुलीला गावकीने विचारलं आणि ती चुकली, आता पुन्हा कुणालाच विचारणार नाहीत. तो मागचा माणूस म्हणेल, बघा, बसली नव्हती ना विमानात. पुढच्या महिन्यात रस्त्याच्या निवेदनावर सही करायला माझ्यामागे कोण येणार? मी स्वतःला हे सगळं चळवळीच्या भाषेत सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, बाकी काही नाही.

मी म्हणाले, "माझं बरोबर होतं. हायवेला ट्रॅफिक आहे."

आजा उठला. उचला म्हणाला. ताईचा आवाज मी इथे लिहिणार नाही.

जाताना काकीचं तोंड झाकलेलं नव्हतं, वाटेच्या वळणापर्यंत. पापणी तशीच अर्धी. अग्नी पुतण्याने दिला.

आमच्याकडे बाया मसणात जात नाहीत. मी वळणावर उभी राहिले, ओढ्याकडचा धूर दिसत होता. साडेपाचला जीप आली. दादा जीप थांबायच्या आत उतरला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर पेन. त्याने धूर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"झालं?"

"आत्ताच," मी म्हणाले. तास होऊन गेला होता.

तो धावला नाही. हळूहळू चालत खाली गेला. उशीर झालेल्या माणसाची चाल कशी असते ते मी पाठमोरं पाहिलं.

तेराव्यानंतर तो परत गेला. त्याच्या जाण्याआधी मी एक पत्रक काढलं. 'अडीच तासांत समुद्र ओलांडला. सहा तासांत आईचा उंबरा गाठता आला नाही. जबाबदार कोण?' हायवेचे खड्डे, अर्धवट पूल, आमचा कच्चा रस्ता, सगळं त्यात होतं. लोक ते हातात घेऊन उभ्या उभ्या वाचायचे, एका बाईने डोळे पुसले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. इतकं खरं पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं. आणि ते सबंध पत्रक मी एका दीड तासावर अंथरलं होतं.

त्याने ते मस्कतला फोनवर वाचलं. मला आवाजी निरोप पाठवला. "चांगलं लिहिलंयस. कोणीतरी बोलायला पाहिजेच." मागे कुठल्यातरी यंत्राची घरघर. मी तो निरोप पुसला. दुसऱ्या दिवशी वाटलं, पुसायला नको होता.

पुढचं वर्ष वाईट गेलं. महाडच्या खोलीत दुपारी बसले की चारच्या सुमाराला मला कुणीतरी वाटेकडे तोंड करून बसलंय असं वाटायचं. दिसत काही नव्हतं. माझी खोली रस्त्यावर आहे, दाराशी बस, रिक्षा, भाजीवाला, भर दिवस. तरी पाठीला कळायचं. एकदा मी पत्रक लिहीत होते, पाण्याच्या टँकरचं, आणि 'चूक कबूल करावी' पाशी माझा हात थांबला. अर्धा तास थांबला. शेवटी ते वाक्य मी गाळलं. सोबतचे म्हणाले, धार गेली गो तुझी. मी म्हटलं, ऊन आहे.

विमान गेलं की मी मोजायची. हे पश्चिमेकडून आलं, म्हणजे तिथून असेल. तिथे आत्ता किती? दीड वजा. आता हे मला बरोबर यायचं, दर वेळी.

वाडीत गेले की ताई भेटायची, पण घरात दादाचं नाव घेतलं की तिचं तोंड बंद व्हायचं. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "साबण-सेंट घेत बसला आसंल तिथं इमानतळावर. आईपरीस त्ये मोठं." मी समोर उभी होते, हातात तिनेच दिलेला चहा. मी चहा प्यायले.

वर्षश्राद्धाला दादा आला. पोलादपूरहून वर यायला एकच जीप होती, आम्ही दोघं मागे बसलो. तो जाडा झाला होता आणि कानाशी पांढरा. फाटा सोडला आणि रस्ता चढायला लागला तसा तो आपणहून बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"माणगावला वीस मिनिटं गेली गॅसला. मी त्याला म्हणायला पायजे होतं, नको भरू. पनवेलला पण पाणी घ्यायला उतरलो मी. तहान लागली होती. पाच मिनिटं गेली असतील. रोज मोजतो. पंचवीस मिनिटं माझी."

मी ऐकत होते. माझ्या दीड तासातून हा माणूस वर्षभर पंचवीस मिनिटं स्वतःच्या नावावर काढत होता.

मी सांगितलं. सगळं, सलग. सातचे साडेआठ कसे झाले, आजाने साडेपाच म्हटलं होतं, फणसाखाली मला कधी कळलं, चारला आजाने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. जीपचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. कबुली अशी ओरडून द्यावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. ड्रायव्हरने आरसा नीट केला.

दादा बराच वेळ पुढच्या दांडीला धरून बसला होता. एका वळणावर दोघंही एकमेकांवर आपटलो. मग तो म्हणाला, "साडेपाचला पोचलो ना मी?"

"हो."

"म्हंजे मी वेळेवर आलो होतो."

मी हो म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, "मी वेळेवर आलो होतो." तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

वाडी दिसायला लागल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. राग होता, नव्हता, मला सांगता येणार नाही. "हे वर सगळ्यांसमोर बोल. मला एकट्याला सांगून काय उपेग नाय."

अंगणात पानं मांडायचं चाललं होतं. आजा कोपऱ्यात खुर्चीवर, आता त्याला काहीच दिसत नाही. मी मधोमध उभी राहिले आणि बोलले. पत्रकासारखं नाही बोलता आलं, पुढचं मागे झालं, एकदा मी आकडाच चुकले. पण 'चूक माझी' हे दोन शब्द नीट निघाले. कुणी हसलं नाही. तो मागे बसून हसणारा माणूसही नाही.

आजा म्हणाला, "तवा बोलायचं हुतं गो." एवढंच. आणि काठी घासली.

ताईच्या हातात भाताचं पातेलं होतं. ती ते धरून उभीच होती. "मी तुझ्या तोंडाकडं बघत हुते त्या दिशी," ती मला म्हणाली. "तू बोलशील म्हणून. तुला ठाव असतंय समदं म्हणून." नंतर ती भावाकडे वळली. तो अजून अंगणाच्या कडेलाच उभा होता, पिशवी खांद्यावर, पाहुण्यासारखा.

"उभा काय ऱ्हायलास? पिशवी ठेव. हात-पाय धू. तुझ्या हातानं घास ठेवायचाय तिला."

तो आत गेला. मोरीत पाण्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

मी निघायला लागले. कुणीतरी माझ्या दंडाला धरून पंगतीच्या शेवटच्या पानावर बसवलं. माझ्याही पानात भात वाढला गेला. वाढणारा हात कुणाचा होता ते मी मान वर करून बघितलं नाही.